पोरगं म्हणतंय स्पोर्ट गाडी पाहिजे: जुनी घेताना काय काय बघायचं

लातूरला अंबाजोगाई रोडला माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे, सोळा-सतरा वर्षं झाली. गाडी लिफ्टवर चढली की मालकानं सांगितलेल्या चारातल्या दोन गोष्टी खोट्या निघतात, अन् त्या बिचाऱ्याला पण माहीत नसतं, त्याला ज्यानं विकली त्यानं तसंच सांगितलेलं असतं. तर मागच्या साली बहिणीचा फोन आला, दादा, सोन्याला अठरा पूर्ण झाली, संभाजीनगरला इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, गाडी पाहिजे म्हणून डोकं खायलाय, ह्यांना त्यातलं काही कळत नाही, तूच बघ बाबा. मागोमाग भाच्यानं फोटो टाकला. २००८ ची काळी सिविक, कमरेतून खाली बसवलेली, मागं नरसाळ्याएवढा सायलेन्सर, कॅलिपरला, म्हणजे चाकातनं दिसणाऱ्या ब्रेकच्या भागाला, लाल रंग. खाली लिहिलेलं, "मामा तीन लाखच म्हणायलाय, उद्या टोकन देऊ का?"

टोकन दिलं नाही. नंतर तीन महिने आम्ही दोघांनी मिळून अकरा गाड्या बघितल्या. त्यातनं जे शिकलो ते लिहायलोय, ज्यांच्या घरी असंच लेकरू हट्ट धरून बसलंय त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी लायसन. अठरा पूर्ण नसतील तर गाडीचा विषयच बंद करा. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात बदल झाला, त्यात कलम १९९ अ आलं, अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर बापाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद अन् २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, अन् त्या पोराला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन नाही. अठरा झाली की लर्निंग काढायचं, ते सहा महिने चालतं, तीस दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते. आमच्याकडं लोक एजंटला पैसे देऊन तिसाव्या दिवशीच मोकळे होतात. तुम्ही ते सहा महिने पूर्ण वापरा, घरच्या जुन्या गाडीवर, शेजारी मोठं माणूस बसवून.

मग पोराला विचारा, तुला स्पोर्ट गाडी म्हणजे नेमकं काय पाहिजे? मी विचारलं तर सोन्या म्हणला, "दिसायला पाहिजे, वळणावर चिटकून चालली पाहिजे, अन् आवाज." ह्यात पिकअप कुठंच नाही हे त्याच्या पण लक्षात आलं नव्हतं. दिसणं देता येतं, वळणावर चिटकून चालणं तर द्यायलाच पाहिजे, कारण ते चांगल्या टायर-सस्पेन्शनचं काम आहे अन् त्यातच जीव वाचतो. आवाज नाही. अन् ताकद कमीच द्यायची. शंभराच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते, समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच चाळीस मीटरच्या वर गाडी पुढं गेलेली असते. स्पीड ८० चा १२० झाला तर धडकेचा जोर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. हे सोन्याला सांगितलं तर त्यानं मलाच फॉर्म्युला सांगितला, एम व्ही स्क्वेअर, बारावीत होता म्हणे. फॉर्म्युला पाठ असतो, उजव्या पायाला तो माहीत नसतो.

अमेरिकेत आयआयएचएस म्हणून एक संस्था आहे, विमा कंपन्यांच्या पैशावर चालते, गाड्या ठोकून बघते. ती पोरांसाठी जुन्या गाड्यांची यादी काढते, त्यात जास्त हॉर्सपॉवरच्या गाड्या घेतच नाहीत, अन् ईएससी पाहिजेच म्हणतात. ईएससी म्हणा की ईएसपी, एकच. गाडी घसरायला लागली की ती आपोआप एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून सरळ करते. आपल्याकडं जुन्या स्वस्त गाड्यांत हे क्वचित मिळतं, मिळालं तर दहा-वीस हजार जास्त द्या पण सोडू नका. इकडं काळ्या रानातनं ट्रॅक्टर वर रोडला आला की पावसाळ्यात चाकाचा चिखल दोनशे मीटर सांडत जातो, त्याच्यावर चार शिंतोडे पडले की डांबरावर साबण लावल्यासारखं होतं, तिथं हे कामाला येतं.

आता व्हेरियंटची भानगड, इथं सगळ्यात जास्त लोक फसतात. एकाच नावाची, एकाच वर्षाची, एकाच रंगाची गाडी, एकीत एअरबॅग आहेत अन् दुसरीत नाहीत. २०१४ ला ग्लोबल एनकॅप ह्या सुरक्षेचे स्टार देणाऱ्या संस्थेनं आपल्याकडच्या गाड्या ठोकून बघितल्या तेव्हा पोलोला बिनएअरबॅगची म्हणून शून्य स्टार मिळाले, अन् दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार. सांगाडा तोच. म्हणून "पोलो मजबूत असती" असं कुणी म्हणलं की विचारायचं कोणती पोलो.

तारखा लक्षात ठेवा. एप्रिल २०१९ पासून विकायच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम, सक्तीचं झालं. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची पिप-पिप, स्पीडची पिप-पिप अन् रिव्हर्स सेन्सर. पण बाजूच्या सीटची एअरबॅग जुन्या मॉडेलांना १ जानेवारी २०२२ पासून सक्तीची झाली, म्हणजे २०२० च्या गाडीत पण खालच्या व्हेरियंटला शेजारी एअरबॅग नसू शकते, अन् शेजारी कोण बसतं, आईच बसते ना. म्हणून आमची अट अशी होती: दोन एअरबॅग, एबीएस, मागं तीन नाही तरी दोन तरी नीट बेल्ट. ह्याच्या खालचं बघायचंच नाही, कितीबी स्वस्त असू द्या.

कोणत्या गाड्या बघाव्यात ते माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

पोलो जीटी टीएसआय, २०१३ पासूनची, १०५ पीएस (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच), ईएसपी आहे, चालवायला लई गोड. पण तिचा सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उन्हाळ्यात, ट्रॅफिकमध्ये तापतो, अन् त्याचं काम निघालं की खर्च लाखाच्या घरात जातो, त्यामुळं जुनी स्वस्त दिसली तरी पोराच्या खिशाची नाही. २०२० पासून एक लिटरची टीएसआय आली, ११० पीएस, सहा गिअरची मॅन्युअल, ती जास्त बरी. २०२२ ला पोलो बंद झाली. पुंटो अबार्थ १४५ पीएसची, फोटोत विंचवाचा लोगो बघितला की पोरं येडी होतात, ती नको, ताकद पण जास्त अन् फियाटचे पार्ट शोधता शोधता चपला झिजतील. बलेनो आरएस, १०२ पीएस, चारी चाकांना डिस्क, मारुती असल्यामुळं औशात-उदगीरला पण काम होतं. फोर्डच्या फिगोचं टायटॅनियम प्लस मिळालं तर बघा, त्यात सहा एअरबॅग यायच्या, त्या भावात त्या काळी कुणी देत नव्हतं, अन् वळणावर गाडी अशी बसते की बस. फोर्डनं २०२१ ला इथलं उत्पादन बंद करायचं सांगितलं, तर आधी तुमच्या जवळ सर्व्हिस कुठं आहे ते बघून घ्या. होंडा सिटी, २०१४ नंतरची, ११९ पीएस, क्रॅश टेस्टला चार स्टार, पण ती "पप्पाची गाडी" म्हणून सोन्यानं फोटो पण नीट बघितला नाही. टियागोला २०२० ला चार स्टार मिळाले, त्याच वेळी अल्ट्रोझला पाच.

अन् ती सिविक? १३० पीएसच्या वर ताकद, त्यात स्प्रिंग कापलेल्या. स्प्रिंग कापली की गाडी दिसायला बसते, पण सस्पेन्शनला खाली जायला जागा उरत नाही, खड्ड्यात चाक आपटलं की क्षणभर रोड सोडतं अन् तेवढ्यात तुम्ही वळणावर असाल तर संपलं. मॉडिफाय केलेली गाडी पोरासाठी घेऊच नका, हा माझा कायदा आहे. स्टेअरिंग बदललेलं असेल तर त्यातली एअरबॅग गेली. पुढं लोखंडी गार्ड बसवला असेल तर धडकेचा जोर जिथं जिरायला पाहिजे तिथं जिरत नाही, एअरबॅग उघडण्याची वेळ चुकू शकते, अन् तो कलम ५२ प्रमाणं बेकायदा पण आहे. माझ्याकडं एक स्विफ्ट येते, चारी चाकांना लाल कॅलिपर दिसतात, मागचं झाकण काढलं की आत साधा ड्रम ब्रेक, ज्याला असा कॅलिपर नसतोच, वरनं प्लास्टिकचं लाल कव्हर चिटकवलेलं. पोरगं त्याच्या जोरावर ब्रेक उशिरा मारत असेल तर काय करावं सांगा.

आता प्रत्यक्ष गाडी बघायला जायचं. दुपारी जायचं, उन्हात, धुतलेली नसताना. संध्याकाळी लाइटखाली सगळ्या गाड्या नवऱ्या दिसतात. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवून बघा, गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलेली आहे, थंड इंजिनचा आवाज तुम्हाला ऐकवायचा नाही त्यांना.

दरवाज्याच्या कडेचं काळं रबर हातानं ओढलं की निघतं, लाजू नका, मालकाला विचारून ओढा. आत पत्र्याला कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल गोल ठिपके एका ओळीत दिसतात. ठिपके नाहीत, किंवा पुटी लावल्यासारखं गुळगुळीत दिसतंय, म्हणजे तिथं काम झालंय. बॉनेटच्या अन् मडगार्डच्या बोल्टवर रंग खरवडलेला असेल तर पाना लागलेला आहे. चारी काचांच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का अन् वर्षाची खूण असते, तीन काचा एका वर्षाच्या अन् एक वेगळी असेल तर विचारा का. डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा, घडी पडलेली, चुरगळलेली दिसली तर मागनं कुणीतरी चांगलं दिलेलं आहे.

पुराचं पण बघायचं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पूर आला त्यात किती गाड्या बुडाल्या त्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, एकदम तळाच्या हातभर पट्ट्यावर गाळाचा तपकिरी डाग राहतो, तो धुवायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. सीटच्या खालचे रूळ गंजलेत का बघा. अन् बेल्टवर तारखेचं लेबल असतं, ते गाडीच्या वर्षाशी जुळतं का ते पण बघा, नाही जुळलं तर बेल्ट बदललाय, कामून बदलला विचारा.

एअरबॅगचा दिवा. हे पोराकडूनच करून घ्या, त्याला आवडतं. चावी ऑनवर आणायची, इंजिन चालू करायचं नाही. मीटरमध्ये माणूस अन् समोर गोळा असला लाल दिवा लागला पाहिजे अन् काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागून राहिला तर सिस्टीममध्ये बिघाड. अन् अजिबात लागलाच नाही तर जास्त वाईट, म्हणजे कुणीतरी तो दिवाच मारलाय. आम्ही बघितलेल्या सातव्या गाडीत असंच झालं. सोन्यानं चावी फिरवली, एबीएसचा लागला, हँडब्रेकचा लागला, इंजिनचा लागला, तिथं मात्र अंधार. परत फिरवली, परत अंधार. विकणारा म्हणला, "बल्ब गेला असेल." सोन्या काही बोलला नाही, माझ्याकडं बघितलं अन् गाडीतनं उतरला. नंतर मोबाइलचा टॉर्च लावून स्टेअरिंगचं मधलं झाकण जवळनं बघितलं तर कडेला फेविक्विकची पांढरी रेघ होती. एअरबॅग एकदा उघडली की ती फेकून नवीन लावावी लागते, महाग असते, म्हणून लोक मोकळं झाकण चिटकवून विकतात.

आता माझ्या धंद्याची गोष्ट, जाहिरात समजू नका, कुठल्याबी दुकानात करा. पसंत पडलेली गाडी टोकन द्यायच्या आधी कॉम्प्युटराइज्ड अलाइनमेंटला घेऊन जा अन् ॲडजस्ट करायच्या आधीची प्रिंट मागा. फक्त मोजायचे दोन-तीनशे रुपये घेतील. त्यात टो, म्हणजे वरनं बघितल्यावर चाक आत-बाहेर किती वळलंय ते, बघू नका, टो सगळ्यांचाच बिघडलेला असतो अन् ॲडजस्ट होतो. कॅम्बर बघा. कॅम्बर म्हणजे समोरनं बघितल्यावर चाक आत-बाहेर किती कललंय ते. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकला पुढचा कॅम्बर ॲडजस्टच होत नाही, कंपनीतनं जसा आला तसा. म्हणून डाव्या-उजव्यात एका डिग्रीच्या आसपास फरक निघाला तर सस्पेन्शनचा आर्म, स्ट्रट नाहीतर सरळ सांगाडाच वाकलाय. हे पॉलिशनं झाकत नाही. नववी गाडी सगळ्या परीक्षा पास झाली होती, रंग ओरिजिनल, दिवा बरोबर, मालक पण शिक्षक माणूस, देवाची शप्पथ घेणारा. लिफ्टवर घेतली, चाकांना मोजायचे हेड लावले, स्क्रीनवर डाव्या पुढच्या चाकाचा कॅम्बर लाल, म्हणजे मापाबाहेर. मी परत हेड बसवले, परत लाल. खाली वाकून बघितलं तर लोअर आर्म नवाकोरा, उजवा धुळीनं भरलेला. माणूस खोटं बोलत नव्हता, तो दुसरा मालक होता.

टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रोडला घ्या. साठला स्टेअरिंगवर बोटं नुसती टेकवून बघा कुणीकडं ओढती का. मागं आरशात कुणी नाही बघून चाळीस-पन्नासला ब्रेक जोरात मारा, पायाखाली पेडल थरथरलं पाहिजे, तो एबीएस. थरथरलं नाही अन् चाकं किंचाळली तर एबीएस नाही किंवा बंद आहे.

टायरवर डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीबी शिल्लक असू द्या, सहा-सात वर्षांचा टायर आपल्याकडच्या ४२-४३ डिग्रीत वाळून कडक झालेला असतो. गाडीच्या बजेटमधनं तीस-चाळीस हजार पहिल्या दिवसापासूनच बाजूला ठेवा: चार टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आमच्याकडं ते गाडी विकेपर्यंत कुणी बदलत नाही.

कागदपत्रं थोडक्यात. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून कितवा मालक, इन्शुरन्स कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, ते बघा, चलान पण तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी अन् फॉर्म ३५. ट्रान्सफरला २९ अन् ३० नंबरचे फॉर्म. दिल्लीत डिझेलला दहा वर्षांची मर्यादा लागल्यापासून तिकडच्या गाड्या इकडं स्वस्तात यायलेत, दिसायला चकाचक असतात, पण एनओसी, इथला टॅक्स अन् नवीन एमएच नंबर धरून हिशोब करा, स्वस्त राहत नाही. इन्शुरन्स आपल्या नावावर चौदा दिवसांत करून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, गाडीसोबत येत नाही, तो विकणाऱ्याचा असतो, त्यामुळं हप्ता वाढला म्हणून एजंटशी भांडू नका.

शेवटी आम्ही अकरावी घेतली, २०२० ची अल्ट्रोझ पेट्रोल, ८६ पीएस. निळी. "मामा, आवाजच नाही हिला," हे त्याचं पहिलं वाक्य. मी माझ्या पैशानं वरचं छत काळं करून दिलं, तेवढ्यावर गडी खूश. अन् चावी देताना बहिणीसमोर काही गोष्टी ठरवल्या, तुम्ही पण लेकराला चावीसोबतच सांगा, नंतर कुणी ऐकत नाही: पहिले सहा महिने अंधार पडल्यावर गावाबाहेर नाही, गाडीत एकच मित्र, मागं बसला तरी बेल्ट, समृद्धीवर एकट्यानं नाही. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे, रोड सरळ, समोर काही हलत नाही, जुन्या माणसाला पण झोप येते तिथं. स्पीडची पिप-पिप तोडून द्यायला गॅरेजवाले शंभर रुपये घेतात, त्याची वायर तोडलेली दिसली तर चावी माझ्याकडं, हे पण ठरलं.

पहिल्या रविवारी त्याला घेऊन खरोशाच्या लेण्यांकडं निघालो, मुद्दाम आतल्या रोडनं. कारखाना चालू होता. एका वळणावर पुढं उसाची डबल ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्हीकडं हात-हात बाहेर आलेला. सोन्यानं ब्रेक मारला, पेडल थरथरलं, गाडी सरळ रेषेत हळू झाली. मी काहीच बोललो नाही. अर्धा किलोमीटर आम्ही तसंच ट्रॉलीच्या मागं, काचेवर पाचट उडायलेलं. मग समोर जरा मोकळं दिसल्यावर त्यानं इंडिकेटर दिला अन् विचारलं, "मामा, काढू का आता?"

म्हणलं थांब, समोरनं एसटी यायलीय.